निनावी माणसांचा इतिहास

१९४९ साली मुंबई सरकारने दोन मोठ्या गोष्टी मनावर घेतल्या. शहरातल्या कोंदट तबेल्यांतून म्हशी काढून त्या गोरेगावजवळच्या डोंगराळ रानात न्यायच्या, ही एक. आणि साऱ्या प्रांताची दारू बंद करायची, ही दुसरी. पहिलीतून दारा खुरोडी यांच्या कर्तबगारीने आरेची दूधवसाहत उभी राहिली. दुसरीतून मुंबई दारूबंदी कायदा आला. दूध द्यावे आणि दारू काढून घ्यावी, असा तो सरळ हिशेब होता. दुधाचा पुष्कळसा जमला. दारूचा मात्र चुकला. तो का चुकला, हे कळण्यासाठी याच रानात थोडे मागे जायला हवे.

हा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यात मोडे. इथल्या पाड्यांवरच्या वारल्यांना ताडी काही परकी नव्हती. देवकार्यात, लग्नकार्यात तिला मान होता. इंग्रज सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडीवरचा कर जड केला आणि १८९२ साली ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घातले. हेतू काय, तर लोकांनी घरची सोडून मक्त्याची दारू विकत घ्यावी! गोऱ्या सरकारला माणसाने विकतची प्यायला हवी होती. स्वराज्याच्या सरकारला त्याने मुळीच प्यायला नको होती. हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर खरे. पण दोघांचेही लक्ष बाटलीवर होते, पिणाऱ्या माणसावर नव्हते.

मग जे व्हायचे तेच झाले. काळा गूळ आणि नवसागर यांच्या जोरावर हातभट्ट्या पेटल्या. १९६३ नंतर बंदी सैल झाली, तरी भट्ट्या विझल्या नाहीत. आरेच्या झाडीतही पोलिसांना धाडी घालाव्या लागल्या. २०१५ च्या जूनमध्ये तिथून फार दूर नसलेल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली.

आता त्या काळातल्या पिणाऱ्याची अवस्था पाहा. सुटावे असे वाटले तरी त्याने बोलायचे कुणाजवळ? ‘मला दारूवाचून राहवत नाही’ हे वाक्य बायकोपुढे लाजेचे, साहेबापुढे नोकरी घालवणारे आणि पोलिसापुढे तर गुन्ह्याचा कबुलीजबाब! अशा दिवसांत, १९५७ साली, याच मुंबईत काही माणसे एकमेकांसमोर बसून नेमके हेच वाक्य उच्चारू लागली.

या रीतीचा उगम अमेरिकेतला. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअरदलाल ओहायो प्रांतातल्या अ‍ॅक्रन गावी व्यवहार फसल्यामुळे एकटा पडला होता. काही महिने तो दारूपासून दूर होता. पण हॉटेलातल्या मद्यालयाचा गलबला कानी येताच मन डळमळले. त्याने आत पाऊल न टाकता टेलिफोन गाठला आणि चर्चवाल्यांकडे विचारणा केली : इथे कुणी दारूत बुडालेला माणूस भेटेल का? भेटला तो एक शल्यविशारद, डॉ. बॉब स्मिथ. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसले, कारण समोरचा उपदेश करीत नव्हता, स्वतःची कर्मकथा सांगत होता. १० जून १९३५ हा ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचा जन्मदिवस मानतात.

१९५० साली, मुंबई प्रांतात संपूर्ण दारूबंदी लागू झाली त्याच वर्षी, तिकडे या मंडळींनी आपले बारा दंडक मान्य केले. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. वर्गणी नाही; स्वखुशीने जमेल ते द्यावे, बाहेरचा पैसा घेऊ नये. वर्तमानपत्रांत कुणी आपले पूर्ण नाव झळकवू नये. पोलिसांना भिणाऱ्या आमच्या शहरात हा शेवटचा दंडक किती मोलाचा ठरला असेल!

आज मुंबईच्या उपनगरांतून अशा सभा भरतात. कुठे शाळेच्या वर्गात, कुठे चर्चच्या दालनात. पाड्यावरचा वा वसाहतीतला माणूस तिथे पोहोचतो तो बहुधा कुणा डॉक्टरच्या, समाजसेविकेच्या किंवा आधी सुटलेल्या शेजाऱ्याच्या बोटाला धरून. पहिल्या दिवशी तो नुसता ऐकतो. जन्मभराची शपथ कुणी मागत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच. मात्र वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. तेव्हा अशांनी आधी डॉक्टर गाठावा आणि मग सभा.

घरच्यांचे काय? त्यांच्यासाठी १९५१ साली ‘अल-अ‍ॅनॉन’ निघाली. आपल्याकडे १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले; तिथेही घरच्या माणसांना उपचारात स्थान आहे. ते असायलाच हवे. दिवाळी म्हटली की काही घरांत पणतीबरोबर धास्तीही पेटते. बोनस हाती पडलेला माणूस संध्याकाळी कोणत्या पावलांनी परतेल, याचा कानोसा तिथली मुलेही घेत असतात.

इतिहासाच्या पुस्तकात कायदे करणाऱ्यांची नावे येतात. ती आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. पण ज्यांनी एकेका संध्याकाळी एकेक माणूस घरी सुखरूप परत पाठवला, त्यांनी आपली नावे आपणहून मागे ठेवली. ती कुठल्या पुस्तकात सापडणार नाहीत. ज्या घरी यंदा फराळाच्या ताटाभोवती सारी माणसे निर्धास्त बसली असतील, त्या घराला मात्र त्यांची ओळख असेल.