कुत्र्याच्या डोळ्यात रक्त का साकळतं?

नाशिक शहरातला पाळीव कुत्रा असो की निफाडच्या मळ्यात राखणीला ठेवलेला, त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग लाल दिसला की 'डोळे आलेत' म्हणून घरातलेच थेंब टाकले जातात. डोळे आले असतील तर बारीक शिरा फुगलेल्या दिसतात, चिपडं येतात. बुबुळाशेजारी एकसंध लालभडक डाग असेल, तर ते पातळ पडद्याखाली साकळलेलं रक्त असतं. डाग बहुधा दोन-तीन आठवड्यांत विरतो. खरी काळजी रक्त का आलं याची.

एकाच डोळ्यात असेल तर बहुतेक वेळा मार लागलेला असतो. पगसारख्या बाहेर आलेल्या डोळ्यांच्या कुत्र्यांना तो सहज लागतो. गळ्याची साखळी आवळली गेली किंवा बिबट्याने मान धरली, तर डोक्यातल्या शिरांवर दाब येऊन दोन्ही डोळ्यांत रक्त उतरू शकतं.

मार नाही, गळा आवळलेला नाही, तरी डोळ्यात रक्त? मग पहिला संशय गोचीडतापाचा. तपकिरी गोचीड चावल्यावर 'एर्लिचिया कॅनिस' हा जिवाणू रक्तात शिरतो, प्लेटलेट कमी होतात आणि रक्तस्राव होऊ लागतो. रक्ततपासणीनंतर डॉक्टर साधारण चार आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात. ही गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालते, त्यामुळे नुसता कुत्रा धुऊन भागत नाही.

दुसरा संशय उंदराच्या औषधाचा. कांदाचाळीत, गोदामात ठेवलेल्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या कुत्रा खातो, किंवा तो खाऊन मेलेला उंदीर. हे विष शरीरात 'के' जीवनसत्त्वाचा पुनर्वापर थांबवतं. रक्त गोठवणारे आधीचे घटक संपेपर्यंत कुत्रा ठणठणीत दिसतो. रक्तस्राव सुरू होतो तीन ते पाच दिवसांनी, तेव्हा वडीची आठवणही कुणाला नसते. उतारा मात्र आहे: 'के-१' जीवनसत्त्व, तेही काही आठवडे. औषधाचं पाकीट सापडलं तर दवाखान्यात सोबत न्यावं, कारण झिंक फॉस्फाइड हे वेगळं विष आहे आणि त्यावर 'के-१' चालत नाही.

ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात, पोटाची कातडीही. हिरड्या फिकट, कातडीवर टाचणीएवढे लाल ठिपके, नाकातून रक्त किंवा काळी शी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं. माणसांची अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नये, रक्तस्राव वाढतो. डोळ्याला जखम असेल तर स्टेरॉइडचे थेंबही नुकसान करतात. नेताना गळपट्टा काढून छातीचा पट्टा बांधावा.