द फेव्हरिट

द फेव्हरिट : इंग्लंडची राणी ॲन (कारकीर्द १७०२–१४) हिच्या दरबारातील सत्तास्पर्धेवरचा इंग्रजी चित्रपट. दिग्दर्शक योर्गोस लँथिमोस. पटकथा डेबोरा डेव्हिस व टोनी मॅकनमारा यांची. डेव्हिस यांनी पहिला खर्डा १९९८ मध्ये लिहिला. चित्रपट ३० ऑगस्ट २०१८ रोजी व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला.

स्पेनच्या वारसाहक्काचे युद्ध चालू आहे. गाउट या सांधेदुखीने बेजार झालेल्या ॲनच्या (ऑलिव्हिया कोलमन) नावाने तिची बालपणापासूनची मैत्रीण, मार्लबरोची डचेस सेरा चर्चिल (रेचल वाइझ) कारभार हाकते. सेराचा नवरा सेनापती. त्यामुळे युद्ध लांबावे आणि त्यासाठी जमीनकर वाढावा हा तिचा आग्रह. टोरी पक्षाचा नेता रॉबर्ट हार्ली (निकोलस होल्ट) जमीनदारांच्या बाजूने तह मागतो. अशात सेराची नात्यातली, दैन्यावस्थेतली ॲबिगेल हिल (एमा स्टोन) आश्रयाला येते, मुदपाकखान्यात राबते, राणीच्या दुखऱ्या पायांना औषधी पाल्याचा लेप लावून शयनगृहापर्यंत पोहोचते आणि शेवटी सेरालाच हुसकावते.

या चित्रपटाचे मोठेपण राज्यकारभाराची जागा ओळखण्यात आहे. रणांगण एकदाही दिसत नाही, संसद थोडीच दिसते. कराचा आणि तहाचा निकाल राणीच्या पलंगापाशी लागतो. तिथे प्रेम आणि स्वार्थ इतके एकजीव झालेले असतात की सेरा खरे बोलून दुखावते की ॲबिगेल गोड बोलून फसवते, यांतले अधिक निर्दय काय, हे ठरवणे अवघड जाते. ॲनही निव्वळ बाहुली नाही. दोघींना एकमेकींविरुद्ध झुंजवण्यात आपला मान आहे, हे तिला पुरते कळते. कोलमन यांनी तिचा हट्ट, भूक, वेदना आणि एकटेपण एकाच चेहऱ्यावर आणले आहे.

कथेला इतिहासाचा आधार पक्का आहे. ॲन आणि सेरा दरबारी उपचार टाळून ‘मिसेस मोर्ली’ व ‘मिसेस फ्रीमन’ या नावांनी पत्रे लिहीत. १७११ मध्ये सेराची पदे गेली आणि राणीच्या खासगी खजिन्याची जबाबदारी ॲबिगेलकडे आली. तिघींमधले शरीरसंबंध मात्र इतिहासात सिद्ध नाहीत. ॲनचा पती, डेन्मार्कचा राजपुत्र जॉर्ज, १७०८ पर्यंत हयात होता. चित्रपटात तो नाहीच. ॲनची सतरा गरोदरपणे झाली आणि एकही मूल प्रौढ वयापर्यंत जगले नाही, हे सत्य. गमावलेल्या मुलांच्या स्मरणार्थ पाळलेले सतरा ससे ही कल्पना, आणि चित्रपटातली सर्वांत हृदयद्रावक कल्पना.

चित्रीकरण प्रामुख्याने हर्टफर्डशरमधील हॅटफील्ड हाउस येथे झाले. छायालेखक रॉबी रायन यांनी दिवसा नैसर्गिक उजेड व रात्री मेणबत्त्यांवर भर दिला. त्यांच्या फिशआय भिंगातून दालने वाकलेली आणि माणसे कोंडलेली दिसतात. वेशभूषाकार सँडी पॉवेल यांनी दरबाराला काळापांढरा रंग दिला, तर मुदपाकखान्यातल्या दासींचे कपडे जुन्या डेनिमचे शिवले.

व्हेनिसमध्ये परीक्षकांचा महापुरस्कार आणि कोलमन यांना अभिनयाचा सन्मान मिळाला. बाफ्टाचे सात पुरस्कार लाभले. ऑस्करची दहा नामांकने होती. त्यांपैकी प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार कोलमन यांनी पटकावला.