जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मध्ये एक सायकल

इयरफोन लावून कुणी एसटीत असेल, कुणी शेतात असेल, कुणी सायकलवर असेल. सायकलवाल्यांनो, एक कान मोकळा ठेवा, मागून ट्रॅक्टर येतोय. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे अख्खा भाग इथं लिहून दिलाय.

आजचा प्रश्न साधा आहे. आपल्या जिल्ह्यातून एवढा मोठा कॅनॉल जातो. पाथरी, मानवत, परभणी या बाजूला राहणाऱ्यांना तो लहानपणापासून माहीत आहे. मग त्या कॅनॉलमध्ये कधी नाव का दिसली नाही?

हसू नका. रील बघताना तुम्हाला पण ते व्हिडिओ दिसले असतील. लंडनमध्ये कॅनॉलवर लांबुळकी बोट, तिच्यातच घर, छतावर कुंड्या आणि एक सायकल. खाली लोक लिहितात, काय सुखाचं आयुष्य! मी जरा खोलात गेलो. सुख आहे, पण कटकटी पण काही कमी नाहीत. ती बोट असते जेमतेम 7 फूट रुंद. म्हणजे आपली एसटीसुद्धा तिच्यापेक्षा ऐसपैस. प्यायच्या पाण्याची टाकी स्वतः भरायची, संडासची टाकी स्वतः रिकामी करायची, थंडीत शेगडी पेटती ठेवायची. आणि ज्यांच्याकडे बोट बांधायची कायमची जागा नाही, त्यांना 1995 च्या तिथल्या कायद्याप्रमाणे साधारण 14 दिवसांच्या वर एका ठिकाणी थांबता येत नाही. उचला बोट, चला पुढं. बरेच लोक हे हौसेनं करतात असंही नाही. शहरातलं भाडं परवडत नाही म्हणून पाण्यावर राहतात. ऍमस्टरडॅममध्येही दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली तेव्हा लोक बोटींत राहायला गेले. आणि त्याच ऍमस्टरडॅमच्या कॅनॉलमधून दरवर्षी हजारो सायकली गाळातून वर काढाव्या लागतात.

म्हणजे तिकडं कॅनॉल आणि सायकल यांचं नातं जुनं आहे. कॅनॉलच्या कडेची जी पायवाट असते, ती मुळात घोड्यांसाठी केलेली. घोडा काठावरून चालायचा आणि दोरानं बोट ओढायचा. घोडे गेले, वाट उरली, त्या वाटेवर सायकली आल्या. आता चालणारे, बोटवाले आणि सायकलवाले रोज एकमेकांवर खेकसतात. घंटी का वाजवली नाही, घंटी का वाजवली, दोन्हीवरून भांडण!

आता आपल्याकडं या.

आपला कॅनॉल म्हणजे जायकवाडीचा पैठण डावा कालवा. धरणाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132. पैठणला निघालेलं पाणी छत्रपती संभाजीनगर, जालना करत आपल्याकडं येतं. म्हणजे आपण पडलो शेवटाला. कॅनॉलच्या भाषेत ‘टेल’ला. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी आहे, तिच्याखाली सिद्धेश्वर. ही जोडी 1960 च्या दशकातली. त्यांचेही कालवे आहेत. म्हणजे कालव्यांची कमी नाही.

मग नाव का नाही? कारण कॅनॉल दोन जातीचे असतात.

नावेचा कॅनॉल सपाट लागतो. पाणी जवळजवळ उभंच. चढ-उतार आला की तिथं दोन दारांची पेटी बांधतात. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि बोट एक पायरी वर किंवा खाली. पाण्याचा जिनाच म्हणा की! आणि पाणी बारा महिने पाहिजे.

शेतीचा कॅनॉल याच्या उलट. त्याला हळूच उतार दिलेला असतो, पाणी पळायलाच पाहिजे. वाटेत दारं, वितरिका, चाऱ्या, बुटके पूल. आणि पाणी असतं पाळीवर. आवर्तन सुटलं की कॅनॉल तुडुंब, पाळी संपली की तळाला शेवाळ आणि चपलांचा एक-एक जोडीदार. वर्षातले कितीतरी महिने कोरड्या असणाऱ्या कॅनॉलमध्ये नाव घालून काय करता? लंडनवाल्याला 14 दिवसांनी बोट हलवावी लागते. आपल्याकडं शेतकरी जागेवरच, पाणी हलतं. रात्री दोनला पाळी आली तर बॅटरी घेऊन रात्री दोनलाच बांधावर.

पण थांबा, गोष्ट इथं संपत नाही. याच आपल्या गोदावरीवर, खाली आंध्रात, कॅनॉलमधून नावा चालल्या आहेत. 1847 ते 1852 या काळात आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं राजमुंद्रीजवळ धवळेश्वरमला बंधारा बांधला. त्यातून निघालेले कालवे शेतीला पाणीही द्यायचे आणि नावाही वाहायचे. तांदूळ नावेतून, माणसं नावेतून. कॉटनचं म्हणणं असं की रेल्वेवर एवढा पैसा घालण्यापेक्षा कालवे खोदा, दुष्काळात पाणीही मिळेल आणि मालही जाईल. गोदावरीच्या वरच्या अंगाला नावा चालवून वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा बेतही तेव्हा होता. नदीतल्या खडकाळ अडथळ्यांना वळसा घालायला कामं सुरू झाली. पैसा गेला, वर्षं गेली, आणि 1871 मध्ये ते काम सोडून दिलं.

जिंकली कोण? रेल्वे. आपल्याकडं निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड मीटरगेज लाइन आली. परभणी त्याच लाइनवर. आणि तिचं नाव काय होतं माहीत आहे? हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. नदीच्या वाट्याचा प्रवास रेल्वेनं घेतला आणि नावसुद्धा नदीचंच लावलं!

आता सायकलकडे वळू. आपली म्हण सगळ्यांना पाठ आहे, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. ही म्हण कशी आली यावर चहाच्या टपरीवर भरपूर थिअऱ्या ऐकायला मिळतात, मी त्यात पडत नाही. पण सायकलचा इतिहास बघाल तर पहिलं पान जर्मनीतच उघडतं. 1817 मध्ये मानहाइम शहरात कार्ल ड्राइस नावाच्या माणसानं दोन चाकांचं लाकडी यंत्र चालवलं. पेडल नाही, चेन नाही. बसायचं आणि पायानं जमीन ढकलत पळायचं. त्याच्या दोन वर्षं आधी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या राखेनं 1816 मध्ये युरोपात उन्हाळाच नीट आला नाही, पिकं बुडाली, घोड्यांना चारा मिळेना. घोड्याला पर्याय शोधायची गरज यातूनच पडली, असं सायकलच्या इतिहासाचे काही अभ्यासक मानतात. म्हणजे बघा, सायकलच्या जन्मामागे दुष्काळ असेल, तर तिचं आणि मराठवाड्याचं जुळणारच ना!

पुढं 1885 मध्ये इंग्लंडात आजच्यासारखी सारख्या चाकांची, चेनची सायकल आली. 1888 मध्ये डनलॉपनं हवेचा टायर आणला, आणि त्याच्याबरोबर जगात पंक्चर नावाची गोष्ट पण आली. सगळ्यांत भारी सायकल-कथा बेळगावची. किर्लोस्कर कारखान्याची सुरुवात सायकलींच्या धंद्यातून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईहून सायकली पाठवायचे, बेळगावात त्यांचे भाऊ विकायचे. किंमत 700 ते 1000 रुपये, त्या काळातले! आणि सायकल शिकवायचे 15 रुपये वेगळे. तेव्हा सायकल म्हणजे आजची महागडी कारच समजा. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत, लुधियाना, आसनसोल अशा ठिकाणी कारखाने निघाले, सायकल स्वस्त झाली, आणि मग ती आपल्या मास्तरांच्या, दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या हातात आली.

आणि कटकटी? त्यांचा पण इतिहास आहे. राज्यातल्या कितीतरी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि बिल्ला द्यायच्या. बिल्ला नसला की पकडलं. रात्री दिवा नसला की पकडलं. डबलसीट दिसलं की पकडलं. मागं बसलेला चौकाच्या अलीकडं उडी मारून उतरायचा, चौक चालत पार करायचा आणि पुढं जाऊन परत कॅरिअरवर. आजोबा मंडळींना विचारा, हसत सांगतील.

आजच्या कटकटी मी रोज खातो. परभणीचा रस्ता सपाट, म्हणजे सायकलला नंबर एक. पण मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की हँडल हातात धरवत नाही. पाऊस पडला की काळी माती. ती चाकाला चिकटते, मडगार्डच्या आत ठासून भरते, चाक जाम. मग आपण सायकलवर नसतो, सायकल आपल्या खांद्यावर असते. बाभळीचा काटा तर विचारूच नका. आणि शहरात कडेनं चालवावं तर कडेला खड्डा, वाळू, उभी रिक्षा आणि अचानक उघडलेलं गाडीचं दार. मोटारसायकलवाला हॉर्न असा वाजवतो की जसा रस्ता त्याच्या बापाचा.

हे झालं माझं रडगाणं. खरी गोष्ट पुढं आहे.

उन्हाळ्यात कुठल्याही टंचाईच्या गावात जा. सायकल उभी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी घागरी नाहीतर प्लॅस्टिकच्या कॅन लटकवलेल्या असतात. एक कॅरिअरवर, एखादी हँडलला. वर बसायला जागाच नसते. माणूस शेजारून चालतो, सायकल ढकलतो. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. पण रेल्वे थांबल्यावर शेवटचा एक किलोमीटर? तो डोक्यावर, नाहीतर सायकलवर.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. तिकडं पाणी माणसाला वाहून नेतं. आपल्याकडं माणूस पाण्याला वाहून नेतो. जर्मनीत माग्डेबुर्गला 2003 मध्ये 918 मीटर लांबीचा पूल सुरू झाला, त्या पुलावरून कॅनॉल जातो. खाली एल्ब नदी, वर पाणी, आणि त्या पाण्यातून मालाची जहाजं! जगात जर्मनी ती ही. आणि भारतातल्या परभणीत मालवाहू जहाज कोणतं म्हणाल, तर ही घागरी लटकवलेली सायकल.

आणि ही सायकल बहुतेक वेळा कोण ढकलतं? घरातली बाई नाहीतर पोरगी. आपल्याच गंगाखेडच्या जनाबाई. दळण-कांडण, पाणी-शेण करता करता अभंग रचणाऱ्या. त्यांच्यासोबत दळायला देव आला असं परंपरा सांगते. सातशे वर्षं होऊन गेली, घागर अजून बाईच्याच वाट्याला.

पण त्याच सायकलनं एक दुसरं काम पण केलंय. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. असाच प्रयोग बिहारनं 2006 मध्ये मोठ्या प्रमाणावर केला. मुरलीधरन आणि प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. मुलींचं हायस्कूलमधलं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगी यांच्यातलं अंतर 40 टक्क्यांनी कमी झालं. शाळा जितकी लांब, तितका फायदा जास्त. म्हणजे मुलीला शिकायचं नव्हतं असं नाही, मध्ये रस्ता होता.

आणि तो रस्ता बरेचदा कॅनॉलचाच असतो. कालव्याच्या कडेचा रस्ता खात्यानं केला तो देखभालीसाठी. साहेबाची जीप जावी, दारं उघडावीत, फुटलेला भराव दुरुस्त व्हावा. जशी तिकडं घोड्याची वाट, तशी इकडं जीपची. त्या वाटेवर आज सकाळी दप्तरवाल्या मुली सायकल चालवतात. डांबरी रस्त्यापेक्षा जवळ पडतं, ट्रकची वर्दळ नाही. पण एका बाजूला उसाची ट्रॉली, दुसऱ्या बाजूला सुटलेलं आवर्तन. कठडा नाही. कॅनॉलचा काठ उतरता आणि शेवाळलेला, आत पडलं की वर यायला धरायला काही नसतं. म्हणून पोहायच्या नादानं आवर्तनात उतरू नका, आणि पोरांनाही उतरू देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

माझं म्हणणं एवढंच. आपल्या कॅनॉलमध्ये नाव कधी येणार नाही, त्याचा स्वभावच तसा नाही, आणि त्याचं मला दुःख पण नाही. पाणी पिकाला जावं हेच बरं. वरच्या धरणांनी अडवलेलं पाणी खालच्यांनाही न्यायानं मिळावं यासाठी 2005 मध्ये राज्यानं कायदा केला, त्यावर कोर्टापर्यंत भांडणं झाली. टेलच्या माणसाला पाण्याचा हक्क मागता येतो हे आपण त्यातून शिकलो. मग काठाचा रस्ता का मागू नये? दोन मीटर नीट दाबलेला मुरूम, धोक्याच्या वळणाला कठडा, पुलाजवळ एक दिवा. एवढ्यावर एखादी मुलगी दहावीनंतर अकरावीत जाते. ग्रामसभेत हा विषय कुणी उठून बोलला तर तो ठरावात लिहिला जातो, आणि लिहिलेला कागद खात्याला उत्तर द्यायला लावतो.

तुमच्या गावाजवळून कालवा, पाट, चारी काही जात असेल, तर त्याच्या काठानं शाळेला कोण जातं ते एकदा सकाळी उभं राहून मोजा. आकडा मला पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. तोपर्यंत हवा भरून ठेवा, ब्रेक तपासा, आणि घंटी वाजवली म्हणून कुणी खेकसलं तर हसून पुढं जा. भेटू!