अठ्ठेचाळीस घोड्यांचे साठ

माझे मामू जीपगाड्यांचे मिस्त्री होते. आसपासच्या गावांतल्या जुन्या जीपा इंजिन बांधायला त्यांच्या गॅरेजात यायच्या. बहुतेक गिऱ्हाइकांची मागणी एकच असायची. ‘‘मामू, इंजिन उतरवताच आहात, तर जरा ताकद वाढवून द्या. घाटात दम तोडते.’’ मामू लगेच ‘हो’ म्हणत नसत. आधी विचारत, ‘‘दम तोडते म्हणजे नेमकं काय होतं? धूर सोडते, तापते, की खालून आवाज येतो?’’ शाळकरी वयात मला या चौकशीचं नवल वाटे. ताकद हवी तर मोठं पिस्टन घालावं, एवढी सोपी माझी समजूत होती. पुढं मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो आणि कधीतरी वाचताना जीपच्या इंजिनाची जन्मकथा हाती लागली. मामू जो प्रश्न विचारायचे, त्याच प्रश्नापासून ती सुरू होते. आज तीच कथा सांगणार आहे.

अमेरिकेच्या ओहायो राज्यात टोलेडो नावाचं शहर आहे. तिथली विलीज-ओव्हरलँड ही एके काळची नामांकित मोटार कंपनी. मोठ्या मंदीत ती कोलमडली. १९३३ साली दिवाळखोरीत गेली आणि १९३६ साली कशीबशी पुन्हा उभी राहिली. तिच्याकडं भांडवल म्हणावं असं एकच इंजिन होतं. चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं. १९२६च्या व्हिपेट या स्वस्त गाडीपासून चालत आलेलं हे इंजिन अठ्ठेचाळीस अश्वशक्ती द्यायचं. तीही धड टिकत नसे. त्या काळातल्या एका हकिकतीप्रमाणं, पूर्ण जोरात चालवलं की बावीस मिनिटांत त्याची बेअरिंगं जायची.

१९३८ साली या कंपनीत डेल्मर रूस हे मुख्य अभियंता म्हणून आले. लोक त्यांना ‘बार्नी’ म्हणत. आधी ते स्टुडबेकर कंपनीचे मुख्य अभियंता होते, मग काही काळ इंग्लंडमधल्या मोटार कारखान्यांत होते. नवं इंजिन घडवायचं तर नवे साचे आणि नवी यंत्रं लागतात. नुकत्याच दिवाळखोरीतून उठलेल्या कंपनीकडं तेवढा पैसा कुठला? तेव्हा आहे त्याच इंजिनात जीव ओतायचा होता.

इथं थोडं यंत्राचं बोललं पाहिजे. इंजिनाची ताकद वाढवण्याचे ढोबळमानानं तीन मार्ग. सिलिंडर मोठा करायचा; त्याला जास्त श्वास घेऊ द्यायचा आणि आतलं मिश्रण अधिक दाबायचं; किंवा एका मिनिटात त्याच्याकडून जास्त फेरे करून घ्यायचे. पहिला मार्ग रूस यांनी सोडूनच दिला. साधारण ७९ मिलिमीटरचा बोअर आणि १११ मिलिमीटरचा स्ट्रोक त्यांनी तसाच ठेवला. पण फेरे वाढवायचे, तर एक अडचण येते. वर-खाली धावणाऱ्या पिस्टनचा झटका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे तीस टक्क्यांनी वाढले, की कनेक्टिंग रॉडवरचा आणि बेअरिंगवरचा हा ताण जवळपास सत्तर टक्क्यांनी वाढतो. जे इंजिन आधीच बावीस मिनिटांत हात टेकतं, त्याला आणखी पळवणं म्हणजे दमेकऱ्याला घोड्यामागं धावायला लावणं.

म्हणून रूस यांनी आधी इंजिन कुठं मोडतं ते शोधलं. ॲल्युमिनियमचं हलकं पिस्टन बसवलं, म्हणजे झटकाच कमी झाला. फ्लायव्हीलचं वजन उतरवलं. जास्त कणखर मिश्रधातू वापरले. सुट्या भागांच्या मापात जी ढिलाई चालवून घेतली जात होती, ती बंद केली. कागदावर पाहिलं तर यातलं एकही काम डोळे दिपवणारं नाही. पण दोन वर्षांच्या आत तेच इंजिन, त्याच मापाचं, ४,००० फेऱ्यांना साठ अश्वशक्ती देऊ लागलं. चाचणीत ते ४,४०० फेऱ्यांवर १५० तास न मोडता चाललं, असं नोंदलं गेलं आहे. बावीस मिनिटं कुठं आणि १५० तास कुठं! या इंजिनाचं नाव पडलं ‘गो डेव्हिल’.

हे सगळं चाललं होतं स्वस्त मोटारींसाठी. तेवढ्यात युद्ध आलं. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि अमेरिकी लष्कराला घाई झाली. चारही चाकं ओढणारी, हलकी, कुठंही जाणारी गाडी हवी होती. जुलैत १३५ कंपन्यांना विचारणा गेली. पहिली गाडी ४९ दिवसांत हवी होती. बँटम नावाच्या पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या कंपनीनं ती अट मानली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानं तिचे आराखडे अवघ्या दोन दिवसांत काढले, आणि २३ सप्टेंबरला गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. विलीजनं अधिक मुदत मागितल्यानं ती मागं पडली होती.

बँटमची गाडी चपळ होती, पण तिचं इंजिन पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपासचं. फोर्डनंही पुढं नमुना दिला, त्याचंही इंजिन तेवढ्याच ताकदीचं. विलीजचा नमुना नोव्हेंबरात आला आणि चिखलात, चढावर त्याचे साठ घोडे बोलू लागले. पण गाडी जड होती. लष्करानं पुढच्या तुकडीसाठी वजनाची मर्यादा घातली २,१६० पौंड, म्हणजे सुमारे ९८० किलो. विलीजचा नमुना त्याहून शंभर किलोंहून जास्त भरत होता. रूस यांच्यापुढं दोनच वाटा होत्या. हलकं, दुबळं इंजिन घ्यावं, किंवा बाकीच्या गाडीतून वजन काढावं.

त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. सगळी गाडी सुटी करून एकेक भाग तराजूत घातला. बोल्टची नटाबाहेर आलेली जादा टोकं कापली. पत्रा, पट्ट्या, जिथं जिथं कमी चालेल तिथं तिथं कमी केलं. रंगाचा एकच हात दिला. असं म्हणतात, की शेवटी गाडी मर्यादेच्या सात औंस आत बसली, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम. चाकांना चिखल लागला असता, तरी ती नापास झाली असती! कविता लिहिणाऱ्या माणसाला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. ज्या ओळीसाठी कविता लिहायला घेतली ती जड वाटते, म्हणून तीच काढून टाकायचा मोह होतो. काढायचं असतं ते तिच्या भोवतीचं.

जुलै १९४१ मध्ये विलीजला १६,००० गाड्यांचं कंत्राट मिळालं. पुढं फोर्डनंही विलीजच्याच आराखड्यानं, त्याच इंजिनानं जीप बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. बँटमच्या वाट्याला मात्र तीन हजारांच्या आतल्या गाड्या आणि मग जीपमागं जोडायचे ट्रेलर आले. तिचे आराखडे लष्करानं विलीज आणि फोर्डला पाहू दिले होते. पहिली गाडी देणारी कंपनी अशी मागं राहिली. साठ घोड्यांचं कौतुक करताना हा हिशेबही विसरू नये.

ही जीप आपल्याकडं आली ती मुंबईमार्गे. कैलासचंद्र आणि जगदीशचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्यासह १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली. गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९४८ साली इथल्या कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. स्वातंत्र्याच्या त्याच धामधुमीत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली. एक भागीदार सीमेपलीकडं गेला, गाडी इथं राहिली.

इकडं टोलेडोत इंजिनाचं काम थांबलं नव्हतं. १९५०च्या सुमारास त्याच ब्लॉकवर नवं हेड बसवलं. आधी दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असत. आता हवा आत घेणारा व्हॉल्व्ह डोक्यावर गेला आणि मोठा झाला. इंजिन मोकळा श्वास घेऊ लागलं आणि साठाचे पंचाहत्तर झाले. लिटर तेच, २.२. फक्त इंजिन उंच झालं, म्हणून त्यावरचं बॉनेटही उंच करावं लागलं. तहसीलदाराच्या, पोलिसांच्या, वनखात्याच्या ज्या उंच नाकाच्या जीपा आपण लहानपणी पाहिल्या, त्यांचं नाक असं वर आलं होतं. महिंद्रांनी हाच नमुना परवान्यानं इथं बनवला.

मामूंच्या बाकड्यावर उघडी पडलेली इंजिनं याच घराण्यातली. टोलेडो किंवा रूस ही नावं मामूंनी कधी ऐकली नसतील. पण गिऱ्हाइकाला ते बोटानं बेअरिंगवरचे चरे दाखवायचे, रिंगांमधली फट दाखवायची, लेथवाल्याकडून आलेला क्रँक पुन्हा स्वतः मोजायचे. गिऱ्हाईक कुरकुरायचं, ‘‘मामू, मी ताकद मागितली होती, तुम्ही तर नुसती दुरुस्ती केलीत.’’ मामू किल्ली त्याच्या हातात द्यायचे. ‘‘पहिले पाचशे किलोमीटर सावकाश चालवा. मग घाटात घाला आणि मला येऊन सांगा.’’

बरेचजण सांगायला यायचे. पण ताकद वाढली का, हे मामू विचारत नसत. ते विचारायचे, ‘‘आता आवाज कुठून येतो?’’