सिडनीच्या घरा-परसातले विषारी कोळी

सिडनी आणि तिच्या आसपासच्या प्रदेशात माणसाला गंभीर इजा करू शकणारे दोन कोळी घराच्या अगदी लगत राहतात. त्यांतला रेडबॅक कोरड्या अडगळीत आढळतो, तर फनेल-वेब ओलसर जमिनीतल्या बिळात. ऑस्ट्रेलियातील विषारी कोळ्यांविषयीची जवळजवळ सगळी भीती या दोघांभोवती फिरत आली आहे. 1927 ते 1980 या काळात फनेल-वेबच्या दंशाने झालेल्या 13 मृत्यूंची नोंद आहे. 1981 नंतर असा एकही मृत्यू नोंदलेला नाही. या मधल्या काळात कोळी काही संपले नाहीत. सिडनीच्या बागांत ते आजही आहेत आणि दर उन्हाळ्यात घरांतही शिरतात. बदलली ती माणसांची घरे, दंशानंतर पहिल्या काही मिनिटांत करायचे उपाय आणि रुग्णालयातले औषध.

रेडबॅकचे शास्त्रीय वर्णन स्वीडिश अभ्यासक टामेर्लान थोरेल यांनी 1870 मध्ये केले. त्यासाठी वापरलेले नमुने क्वीन्सलँडमधील रॉकहॅम्प्टन आणि बोवेन येथे मिळाले होते. मादीचे शरीर जेमतेम एक सेंटिमीटरचे, काळेभोर असते आणि पाठीवर लाल किंवा नारिंगी पट्टा असतो. नर याहून बराच लहान असून माणसाला त्याच्यापासून धोका नसतो. मादी जमिनीलगतच्या कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात विस्कळीत जाळे विणते आणि सहसा ते सोडून हिंडत नाही. त्यामुळे माणसाचा हातपाय तिच्या जाळ्यात गेला, तरच दंश होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियातील घरांच्या रचनेने ही संधी रोज मिळवून दिली. भुयारी गटारे पोहोचलेली नव्हती तोवर उपनगरांतला संडास परसाच्या टोकाला, मागच्या गल्लीला लागून असे. बैठकीखालचा डबा मैला वाहणारा कामगार त्या गल्लीतून येऊन उचलून नेई. अंधार, आडोसा आणि माश्यांचा सुकाळ या तिन्ही गोष्टी तिथे असल्याने रेडबॅकला बैठकीच्या खालच्या बाजूइतकी सोयीची दुसरी जागा नव्हती. परिणामी कुल्ल्यांवर आणि पुरुषांच्या जननेंद्रियांवर होणारे दंश वैद्यकीय नोंदींत वारंवार दिसतात. डॉ. डब्ल्यू. डब्ल्यू. इन्ग्रॅम आणि ऑस्ट्रेलियन म्युझियममधील कीटकशास्त्रज्ञ अँथनी मसग्रेव्ह यांनी 1933 मध्ये देशभरातल्या कोळीदंशांचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा अशा दंशांमागे परसातला संडास असल्याचे स्पष्ट झाले. लोकांच्या मनात ही सांगड इतकी पक्की बसली की स्लिम न्यूटन या गायकाचे संडासाच्या बैठकीवरच्या रेडबॅकवरील विनोदी गाणे 1972 मध्ये देशभर गाजले.

ते गाणे गाजत असताना परसातला संडास मात्र हद्दपार होत चालला होता. महायुद्धानंतर वेगाने वाढलेल्या उपनगरांत गटारे मागे पडली होती. 1972 साली सत्तेवर आलेल्या गफ व्हिटलॅम यांच्या सरकारने ती पुरी करण्यासाठी केंद्राचा पैसा दिला. संडास घरात आला, त्यात पाणी आले आणि माश्या कमी झाल्या. रेडबॅक कुंड्या, बागेतल्या खुर्च्या, पत्र्यांचे ढीग आणि मुलांच्या सायकली यांच्या आश्रयाला गेला, आणि दंश मुख्यतः हातापायांवर होऊ लागले. कोळ्यांपासून बचाव हा हेतू गटारयोजनेत कुठेच नव्हता, तरीही दंशाची सर्वांत अवघड जागा तिच्यामुळेच टळली.

रेडबॅकच्या विषातील मुख्य घटक मज्जातंतूंच्या टोकांवर काम करतो. तेथे साठवलेली रासायनिक द्रव्ये तो एकदम बाहेर पडायला लावतो. दंश सुरुवातीला टाचणी टोचल्यासारखा वाटतो. पुढे तासाभरात वेदना वाढत जाते, दंशाच्या जागेभोवती घाम फुटतो, काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठी दुखतात आणि काही रुग्णांना मळमळ व अस्वस्थता येते. वेदना एक-दोन दिवसही टिकते, पण मृत्यू दुर्मीळच. प्रतिविष उपलब्ध होण्यापूर्वीच्या काळात सबंध देशात डझनभर मृत्यूंची नोंद होती.

प्रतिविषाचे काम मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीज या संस्थेत झाले. 1916 मध्ये केंद्र सरकारने स्थापन केलेली ही संस्था 1930 पासून सर्पदंशावरील प्रतिविष तयार करत होती. तेथे डॉ. सॉल वीनर यांनी रेडबॅकचे विष घोड्यांना थोड्या थोड्या मात्रेत टोचले आणि त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढली. 1956 मध्ये हे औषध डॉक्टरांच्या हाती आले. 1963 ते 1976 या काळातील 2144 दंशांचे जे सर्वेक्षण पुढे प्रसिद्ध झाले, त्यावरून त्याचा वापर किती सर्रास होता हे कळते. अनेक दशके हे औषध निर्विवाद मानले गेले. 2014 मध्ये मात्र 224 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. सगळ्यांना नेहमीची वेदनाशामके दिली होती. त्याखेरीज निम्म्यांना प्रतिविष आणि निम्म्यांना निव्वळ सलाइन दिले होते. दोन तासांनी प्रतिविष घेतलेल्यांपैकी 34 टक्के रुग्णांना आणि इतरांपैकी 23 टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरण्याइतका मोठा नव्हता. तेव्हापासून अनेक रुग्णालयांत रेडबॅकच्या दंशावर आधी वेदनाशामके देण्याकडे कल आहे.

फनेल-वेबची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे प्रश्न वेदनेचा नसून जिवाचा होता. इंग्रज अभ्यासक ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांनी 1877 मध्ये त्याला अ‍ॅट्रॅक्स रोबस्टस हे शास्त्रीय नाव दिले. न्यूकॅसलपासून इलावारापर्यंत आणि पश्चिमेला ब्लू माउंटन्सपर्यंतच्या पट्ट्यात तो आढळतो. दगड किंवा कुजक्या ओंडक्याखाली, गारव्याच्या जागी तो बीळ करतो आणि त्याच्या तोंडाशी नरसाळ्यासारखे रेशमी अस्तर विणतो. तिथून पसरलेल्या धाग्यांना किड्याचा पाय लागताच तो आतून झडप घालतो. मादी बहुतेक सारे आयुष्य बिळातच काढते. नर वयात आला की बीळ सोडतो आणि नोव्हेंबर ते एप्रिलच्या दमट रात्री माद्यांच्या शोधात फिरतो. पहाट होताच अंधाराचा आडोसा शोधताना तो दाराखालच्या फटीतून घरात येतो आणि बूट, जमिनीवर पडलेले कपडे किंवा अंथरूण यांत दडून बसतो. बागेतल्या तरणतलावातही तो पडतो. अंगावरच्या केसांत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यामुळे तो पाण्याखाली कित्येक तास जिवंत राहतो. म्हणून तळाशी निपचित पडलेला कोळी मेलेला समजून हातात घेणे धोक्याचे असते.

सिडनीच्या उत्तरेकडील वालुकाश्माच्या, झाडीने भरलेल्या टेकड्या हे फनेल-वेबचे जुने वसतिस्थान. 1890 मध्ये तिकडे रेल्वे सुरू झाली आणि 1932 मध्ये हार्बर ब्रिज खुला झाला. त्यामुळे मध्यमवर्गीय वस्ती या टेकड्यांवर पसरली. दगडी बांध, फुलझाडांचे वाफे आणि रोजचे पाणी यांनी कोळ्यालाही सोयीची जागा करून दिली. पहिला नोंदलेला मृत्यू याच उत्तर भागातला. 1927 मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा दंशानंतर काही वेळातच दगावला. पुढच्या बळींतही लहान मुले होती. ज्या प्रकरणांत कोळ्याची ओळख पटली, त्यांत दंश करणारा नरच निघाला. नराचे विष मादीपेक्षा कितीतरी पट जहाल असते.

विषातला घातक घटक मज्जातंतूंतील सोडियम आत सोडणारी द्वारे नीट बंद होऊ देत नाही, त्यामुळे तंतू थांबत नाहीत, सतत संदेश पाठवत राहतात. तोंडाभोवती मुंग्या येतात, स्नायू थरथरतात, घाम, अश्रू आणि लाळ वाहते, रक्तदाब एकदम चढतो आणि फुप्फुसात पाणी साठते. या विषाचे आणखी एक वैशिष्ट्य संशोधकांना बराच काळ अडचणीचे ठरले. माणूस आणि माकड यांना ते मारक आहे, पण कुत्री, मांजरे आणि ससे यांच्यावर त्याचा परिणाम बेताचा होतो. कोळ्याच्या उत्क्रांतीत माणसाचा काही संबंध नव्हता. बिळाबाहेर भटकणाऱ्या नराला शत्रूपासून बचावासाठी विष लागते आणि त्याचा मारा माणसाला लागू पडणे हा योगायोग आहे.

सॉल वीनर यांनी 1950च्या दशकात फनेल-वेबचे विषही गोळा करून तपासले होते, पण उपयोगी प्रतिविष त्यांच्या हाती लागले नाही. हे काम पुढे त्याच संस्थेतील डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांनी नेटाने चालवले. त्यांनी आधी प्रथमोपचार बदलला. तोवर सर्पदंशावर आवळपट्टी बांधणे, जखम चिरणे असे उपाय चालत असत. सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये सर्पदंशासाठी नवी पद्धत मांडली. दंशाच्या जागेपासून सुरुवात करून संपूर्ण हात किंवा पाय रुंद पट्टीने घट्ट गुंडाळायचा, फळी बांधून स्थिर ठेवायचा आणि रुग्णाला चालू द्यायचे नाही. विष रक्तवाहिन्यांपेक्षा लसिकावाहिन्यांतून जास्त पसरते आणि स्नायू हलले की त्यांतला प्रवाह वाढतो, हे या पद्धतीमागचे तत्त्व. पुढच्याच वर्षी माकडांवरील प्रयोगांतून ती फनेल-वेबच्या दंशालाही लागू पडते असे दिसले. इतकेच नव्हे, पट्टीखाली अडकलेले विष काही काळाने निष्प्रभही होऊ लागते. रेडबॅकच्या दंशाला मात्र पट्टी बांधत नाहीत. त्याचे विष सावकाश पसरते आणि दाबामुळे वेदना वाढते, म्हणून तिथे बर्फाचा शेक पुरतो.

प्रतिविषासाठी सदरलँड यांनी ससे निवडले. विषाला दाद न देणाऱ्या सशाला नराचे विष टोचत गेले की त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये जमा होतात. ती शुद्ध करून तयार केलेल्या औषधाने विषबाधा झालेली माकडे बरी झाली. 1980 च्या अखेरीस ते रुग्णालयांना मिळाले आणि जानेवारी 1981 मध्ये सिडनीच्या रॉयल नॉर्थ शोअर हॉस्पिटलमध्ये 49 वर्षांच्या एका पुरुषाला प्रथमच देण्यात आले. तो बरा झाला. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात फनेल-वेब गटातील कोळ्यांचे 138 निश्चित दंश तपासले गेले. सिडनी फनेल-वेबच्या दंशांपैकी सुमारे 17 टक्क्यांतच गंभीर विषबाधा झाली होती, कारण कोळी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. तरीही कोणता दंश कोरडा हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येक दंश गंभीर मानूनच उपचार सुरू होतात.

औषधाच्या शोधाबरोबर पुरवठ्याचा प्रश्न उभा राहिला. एका कोळ्यापासून विषाचा सूक्ष्म थेंबच मिळतो. एका कुपीसाठी साधारण दीडशे वेळा विष काढावे लागते. कोळ्याला डिवचले की तो पुढचे पाय उचलून पवित्रा घेतो आणि सुळ्यांच्या टोकाशी थेंब जमतो, तो बारीक काचनळीने ओढून घेतात. हे काम सिडनीच्या उत्तरेला असलेल्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये चालते. सरीसृपतज्ज्ञ एरिक वॉरेल यांनी उभारलेले हे उद्यान त्याआधी सापांचे विष पुरवत असे. नर अल्पायुषी असल्याने नवे कोळी सतत लागतात आणि ते मुख्यतः नागरिकच आणून देतात. बरणी आडवी धरून काठीने कोळ्याला आत ढकलायचे, तळाशी ओलसर माती ठेवायची, झाकणाला छिद्रे पाडायची आणि नेमून दिलेल्या रुग्णालयात किंवा केंद्रात पोहोचवायची, अशा सूचना उद्यान देते. 1981 पूर्वी दिसता क्षणी चिरडला जाणारा कोळी यामुळे औषधाचा कच्चा माल झाला.

याच सुमारास एका तिसऱ्या कोळ्यावर निराधार ठपका आला. 1982 मध्ये ब्रिस्बेन येथील विषविज्ञान परिषदेत कोळ्याच्या दंशाने मांस सडते अशी चर्चा झाली आणि संशय व्हाइट-टेल या घरात फिरणाऱ्या कोळ्यावर आला. पुढची वीस वर्षे न भरणाऱ्या जखमांचे खापर त्याच्यावर फुटत राहिले. 2003 मध्ये जेफ्री इस्बिस्टर आणि मायकेल ग्रे यांनी कोळी प्रत्यक्ष पकडून ओळखला गेला होता असे 130 दंश अभ्यासले. त्यांत मांस सडल्याचे एकही उदाहरण नव्हते. कोळ्याच्या नावावर टाकलेल्या जखमेमागे जंतुसंसर्ग किंवा दुसरा आजार तर नाही ना, हे तपासण्याची गरज या अभ्यासाने डॉक्टरांपुढे ठेवली.

आज सिडनीत पाळल्या जाणाऱ्या सवयी या अनुभवातून आल्या आहेत. बागकाम करताना हातमोजे आणि बंद बूट घालतात, बाहेर ठेवलेले बूट झटकून पाहतात, कपडे जमिनीवर टाकत नाहीत, दारांच्या फटी बुजवतात, भिंतीलगतची अडगळ हटवतात आणि तलावातला कोळी जाळीने काढतात. कीटकनाशकाची फवारणी बिळातल्या फनेल-वेबवर फारशी चालत नाही. जानेवारी 2025 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की आजवर एकच मानलेला सिडनी फनेल-वेब प्रत्यक्षात तीन जातींचा आहे. त्यांतली न्यूकॅसलजवळची सर्वांत मोठी जात उद्यानातले माजी कोळीतज्ज्ञ केन क्रिस्टेन्सन यांच्या नावाने ओळखली जाते. सशांच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष तिन्ही जातींच्या दंशावर चालते, त्यामुळे वर्गीकरण बदलले तरी उपचारात बदल करावा लागलेला नाही.