अंगणातलं लेकरांचं घर

मी एका बचत गट संघाची समन्वयक, आपल्या नागपूरचीच. आज मी कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलणार नाही. एका खोपट्याची गोष्ट सांगणार आहे आणि त्यातून थोडा इतिहास.

उन्हाळ्यात आमच्या एका गटाला पापड-कुरडयांची मोठी ऑर्डर आली. वाळवण घालायला वस्तीत एकच मोकळं अंगण. त्याच्या कोपऱ्यात पोट्ट्यांनी तुराट्या रोवून, वरून जुनं लुगडं आणि पोतं टाकून घर बांधलेलं. आत विटांची चूल, करवंटीची भांडी. एक ताई म्हणाली, "हे काढा आधी. दोन खाटांची जागा अडली." मीही मान डोलावली. तेवढ्यात एक सहा वर्षांची पोर दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "हे आमचं घर आहे. आत यायचं तर वाकून या."

त्या रात्री मला बी.ए.ला वाचलेलं आठवलं. मुलांची अडचण होते म्हणून त्यांना जागा शोधायची वेळ आली आणि त्यातूनच एक मोठं काम उभं राहिलं, असं आधीही झालेलं आहे.

6 जानेवारी 1907. इटलीतलं रोम शहर, सॅन लोरेंझो ही गरिबांची वस्ती. आई-बाप दिवसभर कामावर, लेकरं मोकाट, नव्या चाळींच्या भिंती खराब करायची. मालकांना वाटलं, यांना एका खोलीत सांभाळा. ते काम डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांच्याकडे आलं. त्यांनी मुलांच्या मापाची टेबलं-खुर्च्या आणि हात पोचेल अशी कपाटं केली. त्या जागेचं नावच पडलं 'मुलांचं घर'.

हा विचार आपल्याकडे रुजवणाऱ्यांत ताराबाई मोडक होत्या. त्यांचा जन्म 1892चा, मुंबईचा. लग्नानंतर काही वर्षं त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला होत्या. संसार टिकला नाही. पुढे लेकीला घेऊन त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करू लागल्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार. पण मॉन्टेसरीचं साहित्य महाग. खेड्यातल्या लेकराला ते कुठून मिळणार?

इकडे आपल्या शेजारी, वर्ध्याला, 1937 मध्ये गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली होती. 1945च्या सेवाग्राम परिषदेत त्या शिक्षणात सात वर्षांखालची लेकरंही आली. त्याच वर्षी ताराबाई समुद्राकाठच्या बोर्डी गावी गेल्या. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य आणि तरी शिकून शिक्षिका झालेली ही बाई.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली लेकरं येईनात. या दोघींनी लेकरांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीत नेली आणि तिथल्या अंगणात मांडली. म्हणून ती अंगणवाडी! शिंपले, खडे, बिया, पानं हेच तिथलं साहित्य. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथे थोरल्या पोरी धाकट्यांना सांभाळायला घरी राहत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी. जी पोरं गुरं चारायला जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारने देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आज गल्लोगल्ली ज्या अंगणवाड्या दिसतात, त्या या योजनेतल्या.

मैत्रिणींनो, अंगणवाडी आपल्याला पोषण आहारामुळे माहीत आहे. पण त्या नावात 'अंगण' आहे, हे आपण विसरलो. आता अंगणात गाडी उभी राहते, नाहीतर फरशी लागते. लेकरांनी लपायचं कुठे? चूल मांडून "तू पाहुणी, मी घरवाली" म्हणायचं कुठे? त्या खेळात पोर वाटून घ्यायला शिकते, रुसवा काढायला शिकते. शिवाय घरात मोठ्यांची भांडणं सुरू असली, तर तिला बसायला तेवढीच एक जागा असते.

दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. थोडी कुरकुर झालीच. दोन खाटा कमी म्हणजे काम एक दिवस लांबणार होतं. शेवटी आमच्या सर्वांत वयस्कर मावशी म्हणाल्या, "आपण पैसे कोणासाठी जमवतो? त्यांच्यासाठीच ना?" ठराव झाला, इतिवृत्तात लिहिलाही: कोपरा लेकरांचा.

मग आम्हीच ते खोपटं नीट केलं. तुराट्यांची टोकं छाटून सुतळीने कूड बांधला. विजेच्या मीटरपासून दूर घेतलं. स्वयंपाकघराच्या दारातून दिसेल असं तोंड ठेवलं. पावसाळ्यात विंचू-काट्याची भीती, म्हणून रोज सकाळी झाडायचं ठरलं. खर्च झाला फक्त सुतळीचा.

ऑर्डर एक दिवस उशिरा गेली, पण गेली. पहिला पापड त्या पोरीने मागितला, तिच्या घरी पाहुणे आले होते म्हणून. मी वाकून आत गेले.

तुमच्या अंगणातही एक कोपरा ठेवा, बायांनो.