लायसियमच्या तालमीत

इ.स.पू. 330. अथेन्सच्या पूर्वेची वेस ओलांडून तुम्ही तटाबाहेर आला आहात. समोर अपोलोची राई, धावण्याच्या वाटा आणि कुस्तीची तालीम. याच जागेला लायसियम म्हणतात. आत पाऊल टाकताच ऑलिव्ह तेलाचा आणि घामाचा वास नाकात शिरतो. नुकताच कुस्ती खेळून आलेला एक पोरगा धातूच्या वाकड्या पट्टीने दंडावरचं तेल खरवडतो आहे. पट्टीवर करडा चिखल जमतो, तो झटकतो, पुन्हा खरवडतो.

पलीकडे पन्नाशी उलटलेला एक माणूस बोलतो आहे. हा अ‍ॅरिस्टॉटल, उत्तरेकडच्या स्टॅगिराचा, वैद्याचा मुलगा. परदेशी असल्यामुळे इथे जमीन घ्यायचा हक्क त्याला नाही. त्याचा जुना शिष्य अलेक्झांडर या घडीला इराणात फौज घेऊन फिरतो आहे.

तुम्ही मागे जाऊन बसता. प्रश्न चालला आहे तो असा: बासरीवाल्याचं काम बासरी वाजवणं, चांभाराचं जोडे शिवणं, मग निव्वळ माणूस म्हणून माणसाचं काम कोणतं? वाढणं झाडालाही जमतं, पाहणं-ऐकणं घोड्यालाही. उरतो तो विवेक. तो वापरून उत्तम रीतीने जगणं, तेही एखाद्या दिवसापुरतं नव्हे तर अख्खं आयुष्य, यातच माणसाचं कल्याण आहे असं त्याचं म्हणणं.

आता तो रागाविषयी बोलू लागतो. इथे कान टवकारा, कारण हे आपल्या घरातलं आहे. रागावणं कुणालाही जमतं. पण ज्याच्यावर रागवायला हवं त्याच्यावरच, हवं तेवढंच, हव्या वेळी आणि योग्य कारणासाठी रागावणं अवघड. उठसूट भडकणारा चुकतो, आणि अन्याय समोर दिसूनही ज्याला राग येत नाही तोही चुकतो. या दोहोंमधली जागा प्रत्येकासाठी एकच नसते. मिलो पहिलवानाला जो खुराक अपुरा पडेल, तो आखाड्यात नवख्या पोराला सोसणार नाही.

मग ही जागा सापडायची कशी? करत राहून. वाद्य वाजवून वादक होतो, तसा धाडसाची कामं करत करत माणूस धाडसी होतो. नुसतं व्याख्यान ऐकून सज्जन होऊ पाहणाऱ्यांना तो कोणत्या रोग्यांच्या पंगतीत बसवतो, तेही ऐका: जे वैद्याचं सगळं लक्ष देऊन ऐकतात आणि सांगितलेलं काहीच करत नाहीत.

मान डोलावण्यापूर्वी भोवताली नजर फिरवा. या श्रोत्यांत गुलामाला जागा नाही. काही माणसं जन्मतःच गुलामगिरीसाठी असतात, हे याच अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये मांडलं आहे. स्त्रियांची विचारशक्तीही त्याने दुय्यम मानली. विवेक हीच माणसाची खूण म्हणायची आणि निम्म्याहून अधिक माणसांना तो पुरता वापरू द्यायचा नाही, हा त्याच्या विचारातला मोठा दोष आहे. मला तो क्षम्य वाटत नाही. तरीही सवयीने स्वभाव घडतो, हा त्याचा शोध मी सोडणार नाही. तो सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

इ.स.पू. 323 मध्ये अलेक्झांडर गेला, अथेन्समध्ये त्याच्या मॅसिडोनियाविरुद्ध वातावरण तापलं आणि अ‍ॅरिस्टॉटल शहर सोडून कॅल्किसला गेला. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याचं नीतिशास्त्रावरचं विवेचन ‘निकोमेकियन एथिक्स’च्या दहा भागांत आजही वाचायला मिळतं. पहिला भाग जड गेला तर तिथे अडून बसू नका, सवयीवरच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करा. आणि मैत्रीवरचे आठवा, नववा हे भाग अजिबात चुकवू नका.